बाळंतपणाचा कॉम्प्युटर

"आई, आज सकाळपासून मला" एवढं भाग्यश्रीनं अमेरिकेतून लिहिलं आणि सांगलीत, विश्रामबागेतला कॉम्प्युटर बंद पडला.

बंद पडण्याआधी पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली, की यंत्र फार तापलं आहे, जास्त तापलं तर जळेल, म्हणून आम्ही ते बंद करीत आहोत. मग पडदा काळा. समोर चंदनबालाकाकू स्वेटरवर शाल आणि शालीवर मफलर अशा बसल्या होत्या. डिसेंबरातली सकाळ होती, बाहेर धुकं होतं आणि बोलताना तोंडातून वाफ निघत होती.

"सकाळपासून काय?" काकूंनी काळ्या पडद्याला विचारलं.

"काकू, बंद पडला," कपिल म्हणाला.

"ते दिसतंय मला. तिला सकाळपासून काय हुतंय, ते बघ."

ही गोष्ट नव्याण्णव साल सरतानाची. तेव्हा आमच्या सांगलीत इंटरनेट नवंनवं होतं आणि ते गुपचूप येत नसे. मोडेम आधी कुंईकुंई करायचा, मग खरखरायचा, आणि घरातली सगळी माणसं श्वास धरून उभी राहायची. लागलं तर लागलं, नाही तर पुन्हा पहिल्यापासून. आता ज्याच्या त्याच्या खिशात इंटरनेट असतं आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. तेव्हा ते लागलं की लोक एकमेकांकडे बघून हसायचे.

काकूंचे यजमान मदनअण्णा हळदीचे व्यापारी. त्यांच्या मुलाला, भरतेशला, हळदीनं शिंका यायच्या. हळदीच्या घरात जन्म घेऊन ह्या माणसानं शिंकण्यापलीकडे काही केलं नाही, असं अण्णा येईल-जाईल त्याला सांगायचे. शेवटी कंटाळून त्यांनी घराची पुढची खोली त्याला कॉम्प्युटर सेंटरला दिली. भागीदार होता कपिल, कुंडलच्या नागसेन गुरुजींचा मुलगा. दोघं इथल्याच कॉलेजात एका बाकावर शिकलेले. त्यातला भरतेश पास झाला होता आणि कपिलला खरोखर येत होतं.

आता खरी गोष्ट सांगतो. भाग्यश्री, म्हणजे भरतेशची धाकटी बहीण, लग्न होऊन न्यूजर्सीला गेलेली आणि तिला दिवस गेलेले. पहिलं बाळंतपण माहेरी, ह्यावर कुणाचं दुमत नव्हतं. पण तिथल्या डॉक्टरांनी विमानात बसायला मनाई केली. मग काकूंनी स्वतः जायचं ठरवलं, तर मुंबईला व्हिसाच्या खिडकीतल्या गोऱ्या माणसानं त्यांचा पासपोर्ट तसाच परत सरकवला. परत येताना कऱ्हाडपर्यंत काकू एक शब्द बोलल्या नाहीत. कऱ्हाड सोडल्यावर म्हणाल्या, "ती माहेरी येऊ शकत न्हाई, मी तिकडं जाऊ शकत न्हाई. मग माहेरच पाठवायचं. कपिल, तुझ्या त्या डब्यातनं जातंय का बघ."

तेव्हापासून रोज सकाळी साडेसहाला माहेर जाऊ लागलं. आपल्याकडची सकाळ म्हणजे भाग्यश्रीकडची जेवणं उरकून बसायची वेळ. काकू बोलायच्या, कपिल इंग्रजी अक्षरांत मराठी टाइप करायचा, आणि समुद्रापलीकडून उत्तर उमटायचं. पायाला सूज आहे का, पोट साफ होतंय का, कंबर कुठं दुखते, वर का खाली, हे सगळं पंचविशीतल्या बिनलग्नाच्या कपिलनं खाली मान घालून टाइप केलं. भरतेश अशा वेळी दूध आणायला जायचा. त्या महिन्याइतकं दूध त्या घरात पुन्हा कधी आलं नाही.

आणि अशा ह्या कामात कॉम्प्युटर रोज दगा द्यायला लागला. दुपारी पोरं यायची, परीक्षेचे निकाल बघायची, ई-मेल पाठवायची, तेव्हा त्याला काही होत नसे. काकू समोर बसल्या, की 'तापलो' म्हणून बंद.

"सकाळपासून मला" वर बंद पडला त्या दिवशी तर गोंधळच झाला. भरतेशनं थेट अमेरिकेला फोन लावला, तर तिकडचा एंगेज. कारण आई अचानक गप्प झाली म्हणून तीही घाबरून इकडंच फोन लावत होती. तिला इकडचा एंगेज. भरतेशनं दमून फोन खाली ठेवला, तर कपिलनं त्याच लाइनवर मोडेम लावला. माहेर आणि सासर एकमेकांना शोधत दोन्हीकडं लाइन अडवून बसले. अण्णा देवाला हात जोडून उभे होते आणि मध्येच डोळे उघडून "लागला का?" विचारत होते. कितीतरी वेळानं एकदाचं लागलं आणि वाक्य पूर्ण झालं. "आई, आज सकाळपासून मला तुझ्या हातचं धपाटं खावंसं वाटतंय."

काकू आत गेल्या आणि धपाटी करायला बसल्या. कुणासाठी ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांनी मुकाट्यानं खाल्ली.

तिकडंही काही वेगळं नव्हतं. एकदा काकूंनी सांगितलं, "डिंकाचे लाडू करून ठेवा पण," आणि कॉम्प्युटर गेला. जावईबापू सन्मती हा फार व्यवस्थित माणूस. त्यानं सासूबाईंचा 'पण' गंभीरपणे घेतला आणि त्याच्यापुढचं कळेपर्यंत डिंकाची पिशवी फोडली नाही.

अण्णांनी कॉम्प्युटरवर हात ठेवून बघितला. "कपिल, ह्यो तर गारढोण हाय रं. भरतेशचं शाळेच्या दिवशी पोट दुखायचं, तसलं सोंग हाय हे."

"अण्णा, हाताचं काय खरं न्हाई. आत मोजणी असते. कर्नल म्हणतंय तापलंय, म्हणजे तापलंय."

"कोन म्हणतंय?"

"कर्नल. म्हंजे कॉम्प्युटरचा गाभा. आतली सगळी कामं त्याच्या हुकमानं चालत्यात. जगातली हुशार माणसं लिहित्यात ते, घरी बसून, फुकट. आन् सगळं उघडं ठेवत्यात, कुणीबी वाचावं."

"तू वाचलंस?"

"मी काय वाचायचं, अण्णा. ती माणसं चुकत न्हाईत."

कपिलची ह्या बाबतीत श्रद्धा होती. एका मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्यानं ती फुकटची यंत्रणा कॉम्प्युटरवर चढवली होती, आणि त्यात ताप मोजायची सोयही मुद्दाम हौसेनं घातली होती. आसपासच्या एकाही सेंटरात तसली सोय नव्हती, हे तो अभिमानानं सांगायचा.

"मग ती मोजायची भानगडच बंद कर की," अण्णा म्हणाले.

"आन् खरंच तापून जळला तर? ऐन टायमाला काकूंनी काय करायचं?"

"एक तारखेला दोन हजार साल लागलं की जगातली सगळी कॉम्प्युटरं बंद पडणार म्हणत्यात," अण्णा म्हणाले. "आपला आतापासनं सराव करतोय." आणि ते हळदीकडं निघून गेले.

म्हणून कॉम्प्युटर गार करायचं ठरलं. आधी टेबलफॅन लावला. कॉम्प्युटर नेहमीपेक्षा लवकर बंद पडला. मग पेटीचं एका बाजूचं पत्र्याचं झाकण काढलं. तो आणखी लवकर बंद पडला. भरतेशनं टेबल उचलून उत्तरेच्या खिडकीखाली नेलं आणि वाळ्याचा पडदा नाही म्हणून हळदीची रिकामी पोती ओली करून खिडकीला टांगली. काकू, कपिल आणि कॉम्प्युटर तिघांवर गार वारा यायला लागला. पोत्यांचं पिवळं पाणी की-बोर्डवर ठिबकलं, भरतेशला शिंकांवर शिंका आल्या, आणि त्या दिवशी तर भाग्यश्रीचं "आई" एवढंच उमटलं.

काकू त्या दिवसांत एक वाकळ शिवत होत्या. बाळासाठी, लहानशी. आपल्या जुन्या, धुऊन धुऊन मऊ झालेल्या इरकली साड्या फाडून त्यांनी थर लावले होते. आमच्याकडं बाळाचं पहिलं पांघरूण असंच करतात, आजीच्या अंगाला लागलेल्या कापडाचं. शिवून झालं की ते बाळंतविड्यात जायचं होतं. कॉम्प्युटर चालू असेतो काकू बोलायच्या, बंद पडला की टाके घालायच्या. तो इतक्या वेळा बंद पडला की वाकळ वेळेआधी होत आली.

पोती टांगल्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच ओळ आली तेव्हा काकूंनी सुई बाजूला ठेवली.

"काय लिवलंय ते नीट सांग मला."

"फार तापलंय, असं लिवलंय."

"तापलंय, आन् तुमी त्येला पंखा लावताय? वल्ली पोती बांधताय? भरतेशला ताप आला की मी पंखा लावत हुते व्हय? पांघरून घालायचं, घाम काढायचा, आपोआप उतरतंय." असं म्हणून त्यांनी पंखा बंद केला, भरतेशला झाकण बसवायला लावलं आणि मांडीवरची वाकळ कॉम्प्युटरच्या पेटीवर घातली. चारी बाजूंनी नीट खोचली. तोंड उघडं राहावं म्हणून बटणाशी थोडी जागा ठेवली.

"काकू, गुदमरंल ते," कपिल कळवळून म्हणाला.

"राहू दे रं," भरतेश म्हणाला. "तसाबी बंदच पडतोय."

त्या दिवशी कॉम्प्युटर बंद पडला नाही. काकू बोलत राहिल्या, भाग्यश्री बोलत राहिली, डिंकाच्या लाडवांचा 'पण' पुरा झाला (पण खारीक कमी घाला, एवढाच तो होता). शेवटी काकूंकडचं बोलायचं संपलं, ही गोष्ट त्या घरात आधी कुणी पाहिली नव्हती. काकू समाधानानं उठल्या. जाताना वाकळीवरून हात फिरवून गेल्या.

कपिलला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही. दुपारी त्यानं वाकळ काढली आणि पोती ओली करून पंखा लावला. कॉम्प्युटर बंद. वाकळ घातली, चालू. पुन्हा काढली, बंद. मग जे तो कधी करत नसे ते त्यानं केलं, कर्नलचं ताप मोजायचं पान उघडून वाचायला बसला. आणि चूक सापडली. पेटीच्या आत बसवलेल्या ह्या जातीच्या बोर्डावर ऊब वाढली की आतला आकडा उतरतो आणि गारठा वाढला की चढतो. लिहिणाऱ्यानं धरलं होतं की आकडा मोठा तेवढा ताप मोठा. म्हणजे ते सगळं उलटं वाचत होतं. दुपारच्या उन्हात त्याला वाटायचं सगळं गार आहे, आणि धुक्याच्या सकाळी त्याला वाटायचं आता पेटणार.

"काकू, चूक कर्नलमधीच हाय," तो आत जाऊन म्हणाला. घरातलं कुणी गेल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता. "एवढी मोठी माणसं, आन् उलटं वाचत्यात."

"असंल. माणसंच हायत ती," काकू म्हणाल्या. "पन आता चाललंय ते चालू दे. भागू मोकळी हुईपर्यंत तू त्याला हात लावायचा न्हाई. शपथ हाय."

कपिलनं मान हलवली. मान हलवली म्हणजे शपथ घेतली असं नाही, असं त्यानं नंतर भरतेशला सांगितलं.

कारण चूक दिसल्यावर ती तशीच ठेवणं त्याला जमेना. कॉम्प्युटर चुकीच्या कारणानं चालतोय, हे त्याला रात्रंदिवस टोचत होतं. रविवारी सेंटर बंद होतं आणि काकू बाहुबलीला दर्शनाला गेल्या होत्या. कपिलनं ती ओळ सुलटी केली आणि नवा कर्नल तयार करायला लावला. त्या काळी ह्या कामाला दिवस जायचा. पडद्यावर ओळी सरकत होत्या आणि तो समोर चुरमुरे खात बसला होता. संध्याकाळी नवा कर्नल चालू झाला आणि ताप बरोबर मोजायला लागला. जुनाही त्यानं ठेवला, चालू होताना नाव टाइप केलं की येईल असा. त्याचं नाव ठेवलं 'जुना'. सकाळी आपण लवकर यायचं, काहीतरी कारण सांगून वाकळ काढायची, आणि कुणाला काही कळू द्यायचं नाही, असा बेत करून तो वस्तीला कुंडलला गेला.

सकाळी पहिल्या एसटीनं निघाला खरा. पण दिवस ऊसतोडीचे. पलूसच्या पुढं रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरची एक ट्रॉली कलंडली होती, आणि अख्खी एसटी खिडक्यांतून ऊस ओढून खात निवांत बसली होती. फक्त कपिल खात नव्हता.

तो विश्रामबागेत पोचला तेव्हा भरतेश की-बोर्डवर बसला होता. काकू शेजारी, अण्णा मागं. कॉम्प्युटरवर वाकळ होतीच. शिवाय आज थंडी जास्त म्हणून काकूंनी वाकळीच्या आत रबराची गरम पाण्याची पिशवीही ठेवली होती, शेकाला.

"पोट दुखायला लागलंय तिचं," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज कधी नव्हे तो बारीक झाला होता. "काल दवाखान्यात न्हेलंय. जावई घरी येऊन कळवणार हायत."

कपिलनं पिशवी बघितली आणि ती काढायला हात पुढं केला. तेवढ्यात पडद्यावर अक्षरं उमटली. "आई, मी सन्मती. दवाखान्यातून आत्ताच आलो. भाग्यश्री"

आणि तापल्याची ओळ येऊन कॉम्प्युटर बंद पडला. ह्या खेपेला तो खरं बोलत होता.

अण्णा भिंतीला टेकले. भरतेशनं फोन उचलून अमेरिका लावली. एंगेज. सन्मतीचं इंटरनेट चालूच होतं, त्याला वाटत होतं सगळं उमटतंय. तो बिचारा तिकडं लिहीतच असणार. भरतेशनं कॉम्प्युटर पुन्हा चालू केला, तो उठला, आणि पहिली गोष्ट केली ती बंद पडायची.

"थंडी वाजतीया त्याला," काकू म्हणाल्या. त्यांनी अंगावरची शाल काढली आणि वाकळीवर घातली. मग दोन्ही हातांनी पेटीला कवटाळून बसल्या. "पडू नगंस बाबा. आजच्या दिवस पडू नगंस."

कपिलच्या तोंडाशी आलं होतं, काकू, सगळं काढा, ह्याला आता वारा पाहिजे. पण काकूंचे हात बघून त्याला ते बोलवेना. त्या लोखंडी पेटीला त्यांनी असं धरलं होतं, की सोडवायचे तर मुलीपासून सोडवल्यासारखं झालं असतं.

"सर रं जरा," तो भरतेशला म्हणाला. खाली बसल्याचं निमित्त करून त्यानं वाकळीखालून पिशवी अलगद ओढून घेतली आणि आपल्या शर्टात घातली. मग कॉम्प्युटर चालू केला, आणि कोणता कर्नल ते विचारणारी खूण क्षणभर आली तेवढ्यात टाइप केलं, 'जुना'.

चुकलेला कर्नल उठला. काकूंच्या मिठीत तापलेली ती पेटी त्यानं बघितली आणि छान गारवा आहे असं समजून कामाला लागला. मोडेम कुंईकुंई करायला लागला, खरखरला, लागला. पडद्यावर काही नव्हतं. कपिलनं लिहिलं, "पुन्हा सांगा."

"मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. आई, ऐकताय ना? मघापासून मी एकटाच बोलतोय."

अण्णा मटकन खाली बसले आणि नाक शिंकरायला लागले. भरतेश शिंकला, पण त्याला त्या दिवशी हळदीचं निमित्त नव्हतं. काकू पडदा बघत नव्हत्याच. वाकळीला गाल लावून, डोळे मिटून त्या म्हणाल्या, "कपिल, विचार. केस हायत का म्हणावं डोक्यावर?"

केस भरपूर होते. सगळं विचारून झाल्यावर काकूंनी कपिलकडं बघितलं. "आन् तू घामानं असा भिजलायस काय रं, एवढ्या थंडीत?"

"उसाच्या गाडीमुळं पळत आलो, काकू," कपिल म्हणाला. पिशवीनं त्याचं पोट चांगलंच भाजत होतं.

पुढं बाळाच्या बारशापर्यंत जुनाच कर्नल चालला, वाकळीसकट. कपिलनं एवढं मात्र केलं, की ज्यानं ती ओळ लिहिली होती त्या परदेशातल्या माणसाला सविस्तर ई-मेल लिहिलं. त्याचं फार सभ्य उत्तर आलं. चूक आपलीच, पुढच्या वेळी सुधारू, पण हे तुम्ही शोधलं कसं, कोणतं उपकरण वापरलं, असं त्यानं विचारलं होतं. कपिलनं उत्तर दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं. शेवटी त्यानं लिहिलं, मित्राच्या आईनं.

एक तारीख आली आणि गेली. जगातला एकही कॉम्प्युटर बंद पडला नाही, ह्याचं अण्णांना जरा वाईट वाटलं. मग सन्मतीचा एक नातेवाईक अमेरिकेला निघाला आणि काकूंनी बाळंतविडा बांधायला घेतला. टोपडं, झबली, लाडू, काजळाची डबी. सगळ्यात शेवटी त्या पुढच्या खोलीत आल्या, कॉम्प्युटरवरची वाकळ काढली आणि झटकली. एका बाजूला हवेच्या जाळीचे तांबूस पट्टे उठले होते. काकूंनी तिथं बोट फिरवलं, नाकाशी धरून वास घेतला, आणि तशीच घडी घालून गाठोड्यात ठेवली.

"धुवून देऊ का?" भरतेशनं विचारलं.

"नको. हितला वास असू दे तिला," काकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा धुकं होतं. कपिल अंधार असतानाच आला आणि 'जुना' न लिहिता त्यानं कॉम्प्युटर चालू केला. काकू शाल गुंडाळून समोर बसल्या. पांघरूण नसलेली ती पेटी त्यांना कशीशीच वाटत होती. आता बंद पडेल, मग बंद पडेल, म्हणून त्यांनी घाईघाईनं चार शब्द सांगितले. तो बंद पडला नाही. मग त्या सावकाश बोलायला लागल्या. बाळ कसं झोपतं, अंगाला तेल कोणतं लावता, कुणावर गेलंय. भाग्यश्री एका हातानं टाइप करत होती, दुसऱ्या हातात लेक होती, त्यामुळं अक्षरं चुकत होती आणि काकूंना ती चुकलेली अक्षरंसुद्धा वाचून दाखवायला लागत होती.

सगळं झाल्यावर काकूंनी उठून पेटीवर हात ठेवला, उलट्या तळव्यानं, पोरांचा ताप बघतात तसा.

"बघ," त्या कपिलला म्हणाल्या. "तू उगंच त्या माणसांची चूक काढत हुतास. बाळंतपन झालं, की उतरतोच ताप."

कपिलनं पडद्याकडं बघितलं. तिथं एका कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, आतली ऊब अगदी बरोबर दाखवली होती.

"व्हय, काकू," तो म्हणाला.